राजा मानसिंह तोमर आणि त्याचे मानमंदिर

मध्ययुगातील राजेलोकांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे लढाया, तह आणि खंडण्या यांच्या हकीकतींनीच पाने भरून गेलेली आढळतात. राजा ज्या घरात राहत होता त्या घराच्या भिंती कशा होत्या, सकाळी डोळे उघडताच त्याच्या दृष्टीस काय पडत होते, याची वार्ता इतिहासकारांस सहसा नसते. ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर हा या बाबतीत एक सुदैवी अपवाद होय. त्याने राखलेली व गमावलेली ठाणी आज अभ्यासकांखेरीज फारशी कोणाच्या ध्यानी नाहीत; परंतु त्याने आपल्या घराच्या भिंतीवर मांडलेली पिवळ्या बदकांची ओळ, पाचशे वर्षे लोटली तरी, किल्ल्यावर जाणाऱ्या मुलांना प्रथम दिसते आणि प्रथम आवडते.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. अकबराच्या दरबारातील सेनापती मानसिंह तो हा नव्हे. तो आंबेरचा कछवाहा, आणि आपल्या मानसिंहाच्या मृत्यूनंतर तीस-पस्तीस वर्षांनी जन्मलेला. उत्तरपत्रिकांतून या दोघांची सरमिसळ इतक्या वेळा होते, की एकाच्या पदरी दुसऱ्याचे दोष आणि दुसऱ्याच्या पदरी पहिल्याचे गुण पडलेले पाहण्याची आम्हां शिक्षकांस आता सवय झाली आहे.

आपल्या कंपूचे नावच मुळी शिंद्यांच्या कवायती पलटणींची आठवण सांगणारे आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर शहर झाले. म्हणजे आपण राहतो ती वस्ती मानसिंहाच्या काळाहून तीनशे वर्षांनी धाकटी. येथून उत्तरेकडे दृष्टी टाकली असता किल्ल्याचा लांबच लांब कडा दिसतो. मात्र मानमंदिराची जी रंगीत बाजू जगप्रसिद्ध आहे, ती पूर्वेकडे, जुन्या ग्वाल्हेरकडे तोंड करून उभी आहे. ती पाहावयाची तर किल्ल्याला वळसा घालून गूजरी महालाच्या बाजूने चढणे उत्तम. मोटारीने उरवाई दरवाजातून वर जाणाऱ्यांस ही शोभा अगदी शेवटी दिसते, आणि काहींना तर ती पाहावयाची राहूनच जाते.

तैमूरच्या स्वारीने दिल्लीची सत्ता खिळखिळी झाली त्या सुमारास, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, तोमर घराण्यातील वीरसिंहदेवाने ग्वाल्हेरचा किल्ला हस्तगत केला. पुढे डुंगरसिंह व त्याचा पुत्र कीर्तिसिंह यांच्या काळी या राज्यास बळकटी आली. किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती याच दोघांच्या कारकिर्दीतल्या. त्यांतील सर्वांत मोठी पन्नास फुटांहून उंच आहे. कीर्तिसिंहानंतर कल्याणमल्ल आणि त्याच्यामागून १४८६ मध्ये मानसिंह गादीवर आला. या घराण्याच्या हाताला दगडाचे वळण पिढ्यान्‌पिढ्या लागलेले होते, हे येथे ध्यानात ठेवावे. मानसिंहाने जे केले ते शून्यातून केलेले नव्हते.

राज्यावर बसताच त्याच्यापुढे दिल्लीच्या लोदी सुलतानांचे संकट उभे राहिले. बहलोल लोदी चालून आला तेव्हा नव्या राजाने मोठी रक्कम देऊन त्याला परतविले. बहलोलचा पुत्र सिकंदर हा अधिक चिकट निघाला. त्याच्याशी कधी नजराणे पाठवून, कधी रणांगणात उतरून मानसिंहाने टक्कर दिली. सिकंदराने १५०४ च्या सुमारास आग्रा हे आपले ठाणे केले, त्यात ग्वाल्हेरवर नजर ठेवण्याचा हेतू उघड होता. आग्रा येथून शंभर-सव्वाशे किलोमीटर इतकेच दूर. धोलपूर गेले, १५०८ मध्ये नरवरचा किल्लाही गेला. एकेक कडी तुटत तुटत शत्रू जवळ येत राहिला. तरी सिकंदराच्या हयातीत ग्वाल्हेरचा किल्ला काही त्याच्या हाती लागला नाही.

ही सारी तीस वर्षे, १४८६ ते १५१६, मानसिंहाच्या राज्याची, आणि याच वर्षांत त्याने आपले घर बांधले. कोणासही प्रश्न पडावा, की शत्रू दोन दिवसांच्या मजलेवर असता या राजाला भिंतींवर बदके नि केळी मांडावयास सवड कोठून झाली? द्रव्य तटबंदीवर खर्चावे की वेलबुट्टीवर? पण मानमंदिर नीट पाहिले म्हणजे दिसते, की त्याने या दोहोंपैकी एकाची निवड केलीच नाही. पूर्वेची भिंत ही एकाच वेळी किल्ल्याचा तट आहे आणि घराची दर्शनी भिंतही आहे. सुमारे तीनशे फूट लांबीची ही भिंत सरळ कड्याच्या माथ्यावरून उठते. तिच्यात ठराविक अंतरावर सहा गोल बुरूज आहेत आणि प्रत्येक बुरुजाच्या डोक्यावर घुमटी आहे. शत्रूच्या दृष्टीने तो दुर्गम तट. गावकऱ्यांच्या दृष्टीने, खालच्या वस्तीतून मान वर करून पाहिले असता, आकाशाला लावलेले एक रंगीत तोरण.

आता या भिंतीवरील नक्षीची रचना थोडी तपशिलाने पाहू. कारण घर सजविण्याची विद्या हिच्याइतकी उघडपणे शिकविणारी दुसरी भिंत आपल्या परिसरात मला तरी ठाऊक नाही. एवढा मोठा दगडी पृष्ठभाग कोरा सोडला असता तर तो भकास आणि भीतिदायक दिसला असता. उलट सगळाच नक्षीने भरून काढला असता तर डोळा कोठेच ठरला नसता. मानसिंहाच्या कारागिरांनी चंदेरी लुगड्याच्या विणकराची युक्ती योजली आहे. विणकर पोत मोकळे ठेवतो, काठ भरगच्च करतो आणि मधून मधून बुट्टे टाकतो. येथेही मोकळा दगड हे पोत; निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या टाइलांच्या आडव्या पट्ट्या हे काठ; आणि जागोजाग मांडलेले पशू, पक्षी व झाडे हे बुट्टे. आडव्या पट्ट्या नजरेला भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवीत नेतात. उभी केळीची झाडे आणि बुरूज तिला मध्येच थांबवितात. त्यामुळे लांबी जाणवते, पण कंटाळा येत नाही.

आकृत्या कोणत्या? हत्ती, वाघ, मगरी, केळी आणि बदके. यांत एकही दुर्मिळ किंवा परदेशी वस्तू नाही. बदकांच्या ओळीत एकच बदक पुन्हा पुन्हा येते. एक बदक काढणे ही चित्रकला. तेच बदक समान अंतराने पन्नास वेळा मांडणे ही नक्षी. पुनरुक्ती हा निबंधातला दोष खरा, परंतु भिंतीवर तीच ताल होते. आणि केळीचे झाड तर पाहा. आपल्या घरी सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाच्या चार बाजूंस केळीचे खुंट बांधतात, लग्नाच्या मांडवाच्या दारी बांधतात. मंगल प्रसंगी घरात आणावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सुकून जावयाचे ते झाड या राजाने घराच्या भिंतीवर कायमचे लावून टाकले. दाराला तोरण, उंबरठ्यापाशी रांगोळी, चैत्रात अंगणात काढावयाचे चैत्रांगण, ही जी आपल्या आया-आज्यांची नक्षी, तिच्या आणि मानमंदिराच्या नक्षीच्या मुळाशी एकच बुद्धी आहे असे मला वाटते: भोवतालच्या जिवंत वस्तूंतून थोड्या निवडाव्यात, त्यांचे रूप सोपे करावे आणि मोजक्या जागी पुन्हा पुन्हा मांडावे.

या कामातील साधन मात्र येथल्या दगडापुरते मर्यादित नव्हते. मातीच्या टाइलला काचेसारखी रंगीत झिलई देण्याची कला इराणकडच्या परंपरेतून भारतात आलेली. मानसिंहाच्या आधी दीडशे वर्षांहून अधिक काळ मुलतानच्या दर्ग्यांवर निळ्या टाइलांचे सुंदर काम झालेले होते. तेथे तारे, बहुकोन, वेली अशी भौमितिक नक्षी. मानसिंहाने ती कला घेतली आणि तिच्यात आपली तळ्यातली बदके व अंगणातली केळ बसविली. आमच्या गोव्याकडे जुन्या वास्तूंत पोर्तुगीज धर्तीच्या निळ्या टाइला आहेत. त्या पाहिलेल्या माणसाला प्रथम मानमंदिर पाहताना ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटते. परंतु तेथे निळ्या रंगात बहुधा युरोपातली कथा सांगितलेली असते. ग्वाल्हेरच्या भिंतीवरचा निळा रंग मात्र ग्वाल्हेरचीच गोष्ट सांगतो.

आत शिरल्यावर देखावा पालटतो. बाहेर प्रचंडपणा, आत लहान लहान दालने. दोन चौक आहेत आणि त्यांच्या भोवती खोल्या. खोल्या लहान व छत ठेंगणे असल्यामुळे बाहेरच्यासारखे ठळक रंग आत सर्वत्र लावले असते तर अंगावर आले असते. म्हणून येथे रंगाचे काम थोडे आणि कोरीव कामाचे पुष्कळ. छज्ज्यांना आधार देणारे दगडी हस्त प्राण्यांच्या आकाराचे कोरले आहेत. एका बाजूचा हस्त दुसऱ्या बाजूच्या हस्ताशी जोडी जुळवून उभा असतो. आणि मग त्या जाळ्या! दगडाची पातळ शिळा घ्यावयाची आणि तिच्यातून नक्षीपुरता भाग राखून बाकीचा कापून टाकावयाचा. म्हणजे ही नक्षी दगड वगळून झालेली असते. तिच्यातून वारा येतो, ऊन चाळून येते, आणि आतल्या माणसास बाहेरचे दिसते पण बाहेरच्यास आतले दिसत नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची ज्याला कल्पना आहे त्याला या जाळीचे मोल सांगावयास नको. राजस्त्रिया जाळीआड बसून गाणे ऐकत व शिकत, असे सांगतात. दुपारच्या वेळी याच जाळीची सावली जमिनीवर पडते तेव्हा आणखी एक नक्षी तयार होते. ती दर घटकेला सरकते आणि तिला झाडावे-पुसावे लागत नाही. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना आणि गच्चीच्या कठड्यांना जी दगडी जाळी आहे, ती कोरणारे पाथरवट हे याच परंपरेचे वारस.

वरच्या दोन मजल्यांखाली आणखी दोन तळमजले आहेत. उन्हाळ्यात थंडाव्यासाठी ते बांधले असावेत असे मानतात. त्यांच्या नशिबी पुढे काय आले ते ओघाने येईलच.

मानसिंहाच्या चरित्रात मृगनयनी हे नाव टाळता येत नाही. दंतकथा अशी, की राई गावची एक गुजर मुलगी झुंजणाऱ्या दोन रेड्यांना धीटपणे अलग करीत असता राजाने तिला पाहिले आणि मागणी घातली. तिने तीन अटी घातल्या: आपणास वेगळा महाल हवा, आपल्या गावच्या नदीचे पाणी त्या महालात यावे आणि लढाईतही आपण राजाच्या बरोबर असावे. कथेत किती इतिहास आणि किती कल्पना हे वेगळे काढणे अवघड. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महाल उभा आहे हे निर्विवाद. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी ‘मृगनयनी’ ही कादंबरी याच कथेवर लिहिली. कथेतली पाण्याची अट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. नव्या घरात जाणारी स्त्री माहेरची एखादी खूण बरोबर नेऊ इच्छिते. कोणी रांगोळीचा ठसा नेते, कोणी तुळशीचे रोप. हिने नदी मागितली.

राजाचे दुसरे कार्य संगीतातले. त्या कार्याची येथे विस्ताराने चर्चा करण्यास स्थळ नाही, तथापि दोन गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ध्रुपद गायकीला राजाश्रय देऊन तिचे पद लोकभाषेत, म्हणजे या भागातल्या बोलीत, बांधण्यास त्याने उत्तेजन दिले. बक्षूसारखा श्रेष्ठ गायक त्याच्या पदरी होता. ‘मानकुतूहल’ हा संगीतावरील ग्रंथ त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात फकीरुल्लाह याने त्याच्या आधारे फारसीत ‘रागदर्पण’ रचला. भिंतीवर जे केले तेच गाण्यातही केले असे म्हणावयास हरकत नाही: मोठी परंपरा घ्यावयाची आणि तिच्यात घरची बोली बसवावयाची. ग्वाल्हेरला २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचे शहर म्हणून मान्यता दिली, त्या मान्यतेची एक पायरी याच राजाच्या काळात घातली गेली होती.

मानसिंह १५१६ मध्ये निवर्तला. सिकंदराच्या मागून आलेल्या इब्राहीम लोदीच्या सैन्याने ग्वाल्हेरला जबर वेढा दिला. मानसिंहाचा पुत्र विक्रमादित्य काही काळ झुंजला. अखेर किल्ला सोडून त्यास लोदींचे मांडलिकत्व पत्करावे लागले. पुढे १५२६ मध्ये पानिपतावर तो इब्राहीमच्याच बाजूने लढला आणि पडला. त्याच्या कुटुंबातील माणसांनी आग्र्यास हुमायूनला जो अनमोल हिरा दिला, तोच पुढे कोहिनूर म्हणून प्रसिद्धीस आला असे पुष्कळांचे मत आहे. मानसिंहाच्या मृत्यूला पुरती दहा वर्षेही झाली नाहीत तोच त्याचे राज्य आणि त्याचा पुत्र दोन्ही नाहीशी झाली होती. भिंत मात्र उभी होती.

ती भिंत पाहावयास १५२८ मध्ये बाबर आला. बाबर हा नुसता विजेता नव्हे, तर चिकित्सक नजरेचा लेखक होता आणि आवडनिवड सांगताना तो भीड धरीत नसे. मानसिंहाच्या महालाविषयी त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. इमारत भव्य खरी, परंतु तिच्या भागांत एकसूत्रीपणा नाही, असे त्याला वाटले. खालच्या मजल्यांवरील अंधारही त्याच्या मनास आला नाही. तरीही घुमट्यांवर बसविलेले सोनेरी मुलाम्याचे तांब्याचे पत्रे आणि भिंतींवरील रंगीत टाइलांची केळीची झाडे यांची त्याने आवर्जून नोंद केली. घुमट्यांवरचे ते पत्रे आज राहिलेले नाहीत. हत्ती पोळीपाशी असलेला दगडी हत्ती बाबराने पाहिला होता. दरवाजाचे नाव राहिले, हत्ती गेला. याच भेटीत उरवाईकडील जैन मूर्तींची मोडतोड करण्याची आज्ञा त्याने दिली, हेही त्याच आत्मवृत्तात आहे. एकाच माणसाच्या दृष्टीस एक नक्षी नोंदण्याजोगी आणि दुसरे शिल्प फोडण्याजोगे वाटावे, हे मनुष्यस्वभावाचे विचित्र कोडे होय. त्याच्या नातवाच्या आणि पणतूच्या काळी उभ्या राहिलेल्या मोगल इमारतींत मात्र मानमंदिराचा प्रभाव स्पष्ट दिसतो. आग्र्याच्या किल्ल्यातील जहांगीरी महालाचे हस्त व छज्जे पाहिले की ग्वाल्हेरची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मोगलांच्या अमदानीत या किल्ल्याचा उपयोग राजबंदी ठेवण्याकडे झाला. शिखांचे सहावे गुरू हरगोविंदजी यांना जहांगीरने येथेच अटकेत ठेविले होते. औरंगजेबाने आपला सख्खा भाऊ मुराद यास येथेच डांबले आणि १६६१ मध्ये त्याचा येथेच शिरच्छेद करविला. मानमंदिराचे थंडगार तळमजले बंदिखाने झाले. ज्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर बदके तळ्याकडे निघाल्यासारखी चालली आहेत, त्याच घराच्या पोटात माणसे उजेडासाठी तळमळत होती. घर बांधणाऱ्याने केलेली नक्षी राहते. त्या घराचा उपयोग पुढे कोण कशासाठी करील, हे त्याच्या हाती नसते.

अठराव्या शतकाच्या मध्यास किल्ला मराठ्यांकडे आला, मग तो अनेकदा हातोहात फिरला. सत्तावनच्या धामधुमीनंतर १८५८ पासून इंग्रजांचे सैन्य वर ठाण मांडून बसले, ते १८८६ मध्ये जयाजीराव शिंद्यांना किल्ला परत मिळेपर्यंत. याच अवधीत मेजर कीथ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने १८८१ च्या सुमारास मानमंदिराच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले. ग्वाल्हेरच्या पाथरवटांच्या हातची कला जिवंत आहे हे पाहून त्याने त्यांच्याकडून जाळ्या-महिरपींनी भरलेला एक दगडी दरवाजा करवून घेतला. जयाजीरावांच्या साहाय्याने झालेला हा दरवाजा कलकत्त्याच्या १८८३-८४ च्या प्रदर्शनात मांडला गेला, आणि पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेला. गूजरी महालाचे भाग्य उजळविणारा गृहस्थ मात्र आपल्यातलाच. ग्वाल्हेर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी तेथे संग्रहालय उभे केले आणि १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. ग्यारसपूरची सुप्रसिद्ध शालभंजिका तेथेच आहे.

या सहलीच्या दिवसांत आपल्यापैकी पुष्कळजण किल्ल्यावर जातील. वाटेत चतुर्भुज मंदिर लागेल. तेथील शिलालेखात कोरलेले शून्य गणिताच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. मग हत्ती पोळीच्या अलीकडे, चढ संपत आला असता थांबून वर पाहावे. निळा रंग पावसाळ्यानंतर धुऊन निघालेला असतो. पट्ट्या काही ठिकाणी अखंड आहेत, काही ठिकाणी टाइला गळून नुसत्या खाचा राहिल्या आहेत, आणि जेथे मनुष्याचा हात पोहोचतो तेथे कोणी कोणी आपली नावेही खरडून ठेवली आहेत. बदकांची ओळ मात्र उंचावर आहे.